युनायटेड किंग्डममधील मृत पाळीव प्राण्यांची ओळख व मालकांना सूचना

युनायटेड किंग्डममध्ये रस्त्यावर, पदपथावर किंवा उद्यानासारख्या सार्वजनिक जागी मृतावस्थेत सापडलेल्या कुत्र्या-मांजरांची ओळख पटवून त्यांच्या मालकांना कळवण्याचे काम प्रामुख्याने स्थानिक परिषदा करतात. प्राण्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक स्कॅनरने वाचणे, त्या क्रमांकावरून नोंदणी संस्थेकडे मालकाचा शोध घेणे, मालकाशी संपर्क साधणे आणि ठरावीक मुदतीपर्यंत मृत शरीर जपून ठेवणे, हे या प्रक्रियेचे मुख्य टप्पे होत. मृत शरीर उचलणे हा परिषदेच्या स्वच्छताविषयक कर्तव्याचा भाग मानला जातो. ते स्कॅन करण्याची आणि मालकाला कळवण्याची सक्ती करणारा सर्वसाधारण कायदा मात्र नाही. त्यामुळे ही प्रक्रिया चांगल्या प्रशासकीय प्रथेवर आधारलेली असून परिषदेगणिक तिचे स्वरूप बदलते.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये मांजरे बहुधा घराबाहेर मोकळी फिरतात. कुत्री सहसा मालकासोबत असतात, पण फटाक्यांच्या आवाजाने बिथरून किंवा फाटक उघडे राहिल्याने तीही निसटतात. अशा प्राण्याचा वाहनाखाली मृत्यू झाल्यास त्या वेळी मालक जवळ असेलच असे नाही. पुष्कळदा पहाटेच्या सफाई कर्मचाऱ्यालाच मृत शरीर प्रथम दिसते किंवा एखादा नागरिक परिषदेला दूरध्वनीने कळवतो.

मृत शरीर स्कॅन न करता हलवले गेले, तर मालकाच्या दृष्टीने प्राणी केवळ बेपत्ता राहतो. परिसरात चित्रफलक लावणे, शेजाऱ्यांच्या वाहनशाळा आणि बागा पालथ्या घालणे, निवारागृहांत चौकशी करणे हे प्रकार कित्येक आठवडे चालू राहतात. प्राणी जिवंत आहे की नाही हे न कळल्याने शोक करणेही शक्य होत नाही आणि आशा सोडणेही शक्य होत नाही. ज्या घरांत लहान मुले असतात, तेथे ही अनिश्चितता अधिक जाणवते. मृत प्राण्याच्या ओळखीचा प्रश्न केवळ स्वच्छतेचा न राहता सार्वजनिक धोरणाचा विषय झाला, त्यामागे हेच प्रमुख कारण आहे.

जबाबदारीची विभागणी

मृत प्राणी कोणी उचलायचा हे तो कोणत्या रस्त्यावर सापडला यावर अवलंबून असते. पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९९० च्या कलम ८९ नुसार स्थानिक परिषदांवर आपल्या अखत्यारीतील जमीन व रस्ते कचऱ्यापासून मुक्त ठेवण्याचे कर्तव्य आहे. रस्त्यावरील मृत प्राणी उचलण्याचे काम व्यवहारात याच व्यवस्थेतून होते. इंग्लंडच्या ज्या भागांत द्विस्तरीय स्थानिक शासन आहे, तेथे रस्त्यांची देखभाल काउंटी परिषदेकडे, तर रस्त्यांची सफाई जिल्हा परिषदेकडे असते. म्हणून मृत प्राण्याविषयीची चौकशी सामान्यतः जिल्हा परिषदेकडे करावी लागते.

इंग्लंडमधील मोटरवे आणि प्रमुख राष्ट्रीय मार्ग ‘नॅशनल हायवेज’ या शासकीय कंपनीच्या ताब्यात आहेत. स्कॉटलंड व वेल्समधील प्रमुख मार्गांसाठी तेथील शासनांच्या स्वतंत्र यंत्रणा आहेत. लोहमार्गावर मृत प्राणी आढळल्यास ती बाब रेल्वे पायाभूत सुविधा सांभाळणाऱ्या ‘नेटवर्क रेल’च्या कक्षेत येते. खासगी जमिनीवरील मृत प्राण्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी सहसा जमीनमालकावर पडते. परिणामी एकाच गावाच्या हद्दीत सापडलेल्या दोन मृत प्राण्यांबाबत दोन वेगळ्या यंत्रणांकडे विचारणा करण्याची वेळ येऊ शकते.

कायदेशीर चौकट

कुत्रा व मांजर यांतील भेद

ब्रिटिश कायद्याने कुत्रा आणि मांजर यांना अनेक बाबतींत वेगळी वागणूक दिली आहे. रस्ते वाहतूक अधिनियम, १९८८ च्या कलम १७० नुसार वाहनाच्या धडकेने ठरावीक प्राण्यांना इजा झाल्यास चालकाने थांबणे बंधनकारक आहे. तेथे कोणाला आपला तपशील देता आला नाही, तर २४ तासांच्या आत पोलिसांकडे वर्दी द्यावी लागते. या कलमातील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत घोडा, गुरे, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, शेळी आणि कुत्रा यांचा समावेश आहे. मांजराचा समावेश नाही. ही यादी मुख्यतः पशुधन आणि कामाच्या जनावरांची असल्याने मांजर तीत आले नाही, असे स्पष्टीकरण दिले जाते.

कुत्र्यांविषयी स्थानिक परिषदांवर अधिक कर्तव्ये आहेत. १९९० च्या अधिनियमाच्या कलम १४९ नुसार प्रत्येक परिषदेला मोकाट कुत्र्यांसाठी एक अधिकारी नेमावा लागतो. असा कुत्रा पकडल्यावर मालक माहीत असेल किंवा गळपट्ट्यावर पत्ता असेल, तर मालकाला लेखी नोटीस द्यावी लागते. कुत्रा सात दिवस सांभाळावा लागतो आणि पकडलेल्या कुत्र्यांची नोंदवही जनतेला पाहण्यासाठी खुली ठेवावी लागते. या कामातील पोलिसांचा वाटा ६ एप्रिल २००८ पासून इंग्लंड व वेल्समध्ये संपुष्टात आला आणि संपूर्ण जबाबदारी परिषदांकडे आली. ही सर्व तरतूद जिवंत कुत्र्यासाठी आहे. तोच कुत्रा मृतावस्थेत सापडल्यास मालकाला नोटीस देण्याविषयी हे कलम काही सांगत नाही.

ओळखीसंबंधी सक्ती

कुत्र्यांवरील नियंत्रण आदेश, १९९२ नुसार सार्वजनिक जागी असलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्यावर किंवा त्याला जोडलेल्या बिल्ल्यावर मालकाचे नाव व पत्ता असणे आवश्यक आहे. काही प्रकारच्या कामकरी कुत्र्यांना यातून सूट आहे.

कुत्र्यांना मायक्रोचिप बसवण्याची सक्ती उत्तर आयर्लंडमध्ये २०१२ पासून, तर इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये ६ एप्रिल २०१६ पासून लागू झाली. मांजरांसाठी अशी सक्ती १० जून २०२४ पासून फक्त इंग्लंडमध्ये लागू झाली. तेथे पाळीव मांजराला २० आठवड्यांचे होण्यापूर्वी चिप बसवावी लागते. माणसाशी फारसा संबंध नसलेली शेतावरची व रानटी मांजरे या नियमातून वगळली आहेत. चिप नसल्याचे आढळल्यास मालकाला ती बसवून घेण्यासाठी २१ दिवसांची मुदत दिली जाते. त्यानंतरही पूर्तता न झाल्यास ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मांजरांविषयीचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर करताना शासनाने इंग्लंडमधील पाळीव मांजरांची संख्या ९० लाखांहून अधिक आणि चिप नसलेल्या मांजरांची संख्या सुमारे २३ लाखांपर्यंत असल्याचे म्हटले होते.

या नियमांनी चिप बसवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. मृत प्राण्याची चिप वाचण्याची जबाबदारी कोणावर, हे त्यांत सांगितलेले नाही. या विषयावरील बहुतेक मोहिमांचा रोख याच विसंगतीवर राहिला आहे.

मायक्रोचिपची रचना व कार्य

पाळीव प्राण्यांसाठी वापरली जाणारी मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी, साधारणतः १२ मिलिमीटर लांब व २ मिलिमीटर व्यासाची असते. जैवसुसंगत काचेच्या कुपीत बंद केलेली ही चिप जाड सुईच्या साहाय्याने दोन खांद्यांच्या मधल्या भागात कातडीखाली सोडली जाते. तिच्यात विद्युतघट नसतो. स्कॅनरच्या रेडिओ लहरींमधून मिळणाऱ्या ऊर्जेवर ती क्षणभर कार्यान्वित होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. प्राणी जिवंत आहे की मृत याचा चिपच्या कार्याशी संबंध नसल्याने मृत्यूनंतर बऱ्याच काळानेही क्रमांक वाचता येतो.

आयएसओ ११७८४ व ११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार चिप १३४.२ किलोहर्ट्झ वारंवारितेवर काम करते आणि तिचा क्रमांक १५ अंकी असतो. पहिले तीन अंक देशाचा किंवा चिप-निर्मात्याचा संकेतांक दर्शवतात. युनायटेड किंग्डमचा देश-संकेतांक ८२६, तर भारताचा ३५६ आहे. निर्मात्यांचे संकेतांक ९०० पासून पुढे येतात. काही जुन्या चिपा १२५ किलोहर्ट्झसारख्या अन्य वारंवारितेवर चालतात. त्या वाचण्यासाठी बहुवारंवारिता स्कॅनर लागतो.

चिपमध्ये मालकाचे नाव, पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक यांपैकी काहीही साठवलेले नसते, तसेच ती प्राण्याचे ठिकाणही दाखवत नाही. तिच्यात असतो तो केवळ क्रमांक. त्या क्रमांकाशी जोडलेली माहिती नोंदणी संस्थेच्या विदागारात असते. म्हणूनच चिपची उपयुक्तता तेथील नोंद किती अद्ययावत आहे यावर ठरते.

कार्यपद्धती

परिषदांच्या पद्धतींमध्ये फरक असला, तरी सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

उचलणे व प्राथमिक नोंद

मृत प्राण्याची खबर मिळाल्यावर सफाई पथक किंवा श्वान निरीक्षक घटनास्थळी जातो. शरीर उचलण्यापूर्वी किंवा उचलताना ठिकाण, रस्त्याची बाजू, दिनांक व वेळ यांची नोंद केली जाते. प्राण्याची जात, रंग, अंगावरील खुणा, लिंग, अंदाजे वय आणि गळपट्टा असल्यास त्याचे वर्णनही लिहिले जाते. गळपट्टा काढून टाकला जात नाही, कारण चिप नसल्यास ओळखीचे तेच सर्वांत भक्कम साधन ठरते. शरीर पिशवीत ठेवून तिला नोंदीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधली जाते.

स्कॅन करणे

काही परिषदांत सफाई वाहनातच स्कॅनर असतो. इतरत्र शरीर आगारात आणून, अथवा जवळच्या पशुवैद्यकाकडे किंवा प्राणी-कल्याण संस्थेकडे नेऊन स्कॅन करतात. स्कॅनर अंगाजवळ धरून नागमोडी रेषेत सावकाश फिरवावा लागतो. चिप मूळ जागेवरून सरकून खांद्याकडे, छातीकडे किंवा पुढच्या पायाकडे गेलेली असू शकते, म्हणून संपूर्ण शरीर दोन्ही बाजूंनी तपासणे आवश्यक असते. धातूच्या पृष्ठभागामुळे किंवा गळपट्ट्यावरील धातूच्या भागामुळे वाचनात अडथळा येऊ शकतो. एकदा घाईने फिरवून ‘चिप नाही’ अशी नोंद करणे ही या टप्प्यावरील नेहमीची चूक मानली जाते. अपघातात शरीराची फार हानी झाली असल्यास चिप निखळून पडण्याची किंवा फुटण्याची शक्यता असते.

विदागारात शोध

युनायटेड किंग्डममध्ये एकच राष्ट्रीय विदागार नाही. केनेल क्लबच्या ‘पेटलॉग’सह २० हून अधिक संस्था अशी विदागारे चालवतात. क्रमांक कोणत्या विदागारात नोंदलेला आहे हे महाजालावरील शोध-सुविधेतून कळते. नियमांनुसार प्रत्येक मान्य विदागाराने दूरध्वनीवरील व महाजालावरील चौकशी योग्य विदागाराकडे वळवण्याची सोय ठेवली पाहिजे. विदा संरक्षणाच्या नियमांमुळे मालकाचा तपशील कोणत्याही नागरिकाला दिला जात नाही. तो परिषदेच्या अधिकृत कर्मचाऱ्यांना, पशुवैद्यकांना व तत्सम अधिकृत व्यक्तींनाच मिळतो. कित्येकदा विदागार स्वतःच मालकाशी संपर्क साधते.

विदागारातील नोंद ‘पालक’ म्हणजे प्राणी सांभाळणाऱ्या व्यक्तीची असते. वाहनाच्या नोंदणीप्रमाणेच ती मालकी हक्काचा अंतिम पुरावा ठरत नाही. विभक्त झालेल्या दांपत्याच्या किंवा प्राणी दुसऱ्याला दिलेल्या कुटुंबाच्या बाबतीत बातमी प्रथम भलत्याच व्यक्तीला पोहोचण्याचे प्रसंग यातूनच उद्भवतात.

मालकाला सूचना

संपर्क सामान्यतः दूरध्वनीने केला जातो. तो न लागल्यास पत्र पाठवले जाते किंवा कर्मचारी नोंदवलेल्या पत्त्यावर जातो. बातमी देणाऱ्याने आधी समोरची व्यक्ती नोंदीतील पालकच आहे याची खात्री करून घ्यावी, प्राण्याचा मृत्यू झाल्याचे संदिग्ध न ठेवता सांगावे आणि शरीराच्या अवस्थेविषयी विचारल्याशिवाय तपशील देऊ नये, अशी अपेक्षा असते. ध्वनिमुद्रित निरोपात मृत्यूचा उल्लेख टाळून फक्त परत संपर्क करण्याची विनंती करणे इष्ट समजले जाते. शरीर कोठे व केव्हापर्यंत ठेवले जाईल आणि ते नेण्यासाठी काय करावे, ही माहिती याच वेळी दिली जाते.

साठवण व विल्हेवाट

मालक सापडेपर्यंत शरीर अतिशीत कपाटात ठेवले जाते. ही मुदत परिषदेनुसार काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत असते. शरीर गोठवल्यामुळे चिप सामान्यतः निकामी होत नाही, त्यामुळे शंका आल्यास पुन्हा स्कॅन करता येते.

प्राणिजन्य उपपदार्थांविषयीच्या नियमांत पाळीव प्राण्यांची मृत शरीरे सर्वाधिक जोखमीच्या पहिल्या वर्गात मोडतात, म्हणून परिषद ती मान्यताप्राप्त भट्टीत जाळण्यासाठी पाठवते. मालकाने शरीर ताब्यात घेतल्यास तो ते स्वतःच्या घराच्या बागेत पुरू शकतो किंवा प्राण्यांच्या दहनभूमीत स्वतंत्र दहन करवून रक्षा परत मिळवू शकतो. सामूहिक दहनानंतर यांपैकी काहीच शक्य नसते. स्कॅन न करता झालेली विल्हेवाट भरून न येणारी चूक ठरते, ती या अर्थाने.

चिप नसल्यास

चिप न सापडल्यास गळपट्टा, बिल्ला आणि शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या कानांवर गोंदलेली अक्षरे यांचा आधार घेतला जातो. तेवढ्यानेही ओळख न पटल्यास प्राण्याचे वर्णन नोंदवहीत राहते आणि बेपत्ता प्राण्यांबाबत आलेल्या तक्रारींशी ते ताडून पाहिले जाते. काही परिषदा सापडलेल्या मृत प्राण्यांची यादी प्रसिद्ध करतात. तीत ठिकाण, दिनांक व वर्णन दिले जाते, छायाचित्र सहसा दिले जात नाही. अनेक भागांत स्वयंसेवकांचे गट परिषदेशी समन्वय साधतात. बेपत्ता प्राण्यांच्या जाहिराती आणि मृत प्राण्यांच्या नोंदी यांतील साम्य शोधणे हे त्यांचे मुख्य काम असते.

वर्णनावरून ओळख पटवण्याला मर्यादा आहेत. पूर्ण काळ्या किंवा करड्या पट्ट्यांच्या मांजरांमध्ये भेद करणे कठीण असते. पाऊस, चिखल व रक्त यांमुळे रंग ओळखू येत नाही. चुकीची ओळख पटल्यास एका कुटुंबाला जिवंत प्राणी मेल्याचे कळते आणि दुसरे कुटुंब शोध घेतच राहते. म्हणून केवळ वर्णनावर विसंबून निश्चित सूचना न देता मालकाकडून विशेष खुणांची खातरजमा करून घेतली जाते.

अडचणी

जुनी किंवा अपुरी नोंद ही सर्वाधिक आढळणारी अडचण होय. घर बदलल्यावर किंवा दूरध्वनी क्रमांक बदलल्यावर मालक विदागाराला कळवत नाहीत. कित्येकदा प्राण्याची नोंद पैदासकाराच्या किंवा आधीच्या पालकाच्या नावेच राहते. इंग्लंडच्या नियमांनुसार तपशील अद्ययावत नसल्यास प्राण्याला चिप बसवलेली नाही असेच मानले जाते, मात्र ही उणीव बहुधा प्राणी हरवल्यावर किंवा मेल्यावरच उघडकीस येते.

दुसरी अडचण कंत्राटी व्यवस्थेची आहे. अनेक परिषदांचे सफाईचे काम खासगी कंत्राटदार करतात. कंत्राटात स्कॅन करण्याची अट स्पष्ट नसल्यास परिषदेचे जाहीर धोरण प्रत्यक्षात उतरत नाही. रात्रीच्या व सुट्टीच्या दिवसांतील पाळ्यांत स्कॅनर उपलब्ध नसणे आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण नसणे, हेही प्रश्न आहेत. स्कॅनरची किंमत तुलनेने कमी असली, तरी मालकाचा शोध, साठवण व नोंदी यांसाठी मनुष्यबळ लागते. सक्तीला विरोध करणारे या खर्चाकडे, तसेच स्थानिक परिषदांच्या स्वायत्ततेकडे लक्ष वेधतात.

मोहिमा व संसदीय चर्चा

हार्वे नावाचा पूडल जातीचा कुत्रा २०१३ मध्ये एम६२ मोटरवेवर मरण पावला. त्याच्या मालकांना हे दीर्घकाळ कळले नाही आणि ते त्याचा शोध घेत राहिले. यातून ‘हार्वेचा कायदा’ या नावाने मोहीम उभी राहिली. तिच्या याचिकेवर एक लाखाहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या आणि २ मार्च २०१५ रोजी संसदेत चर्चा झाली. परिणामी महामार्ग यंत्रणेने आपल्या रस्त्यांवर मृत आढळणाऱ्या कुत्र्यांना स्कॅन करून मालकांचा शोध घेण्याची पद्धत स्वीकारली. ‘कायदा’ असे नाव रूढ झाले असले, तरी प्रत्यक्षात स्वतंत्र अधिनियम झाला नाही.

मांजरांसाठी अशीच मागणी ‘गिझ्मोज लेगसी’ या मोहिमेने केली. ग्रेटर मँचेस्टर परिसरातील गिझ्मो नावाच्या मांजराच्या मृत्यूनंतर सुरू झालेल्या या मोहिमेने सर्व परिषदांना मृत मांजरे स्कॅन करणे बंधनकारक करावे, असा आग्रह धरला. ‘कॅट्स प्रोटेक्शन’ ही मांजरांसाठी काम करणारी धर्मादाय संस्थाही परिषदांमध्ये स्कॅनिंगच्या प्रसारासाठी प्रयत्नशील राहिली आहे. मांजराला धडक दिल्यास चालकाने थांबून वर्दी द्यावी, या मागणीच्या याचिकेवर जानेवारी २०२३ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा झाली. कुत्रा किंवा मांजर सापडल्यास ते स्कॅन करून मालकाला कळवणे ही परिषदांची प्रस्थापित चांगली प्रथा आहे, अशी शासनाची भूमिका राहिली आहे. प्रथा पाळली जात असेल तर ती कायद्यात आणण्यास हरकत कसली, असा मोहिमांचा प्रतिवाद आहे.

परदेशातून आणलेले प्राणी

भारतातून, म्हणजे मुंबई-पुण्याहून स्थलांतर करणाऱ्या मराठी कुटुंबांसह अनेक जण, आपले कुत्रे किंवा मांजर ब्रिटनमध्ये नेतात. प्रवेशाच्या नियमांनुसार रेबीज लस देण्यापूर्वी प्राण्याला मायक्रोचिप बसवावी लागते. भारत सूचिबाह्य देशांत मोडत असल्याने लसीनंतर रक्तचाचणी व त्यापुढे तीन महिन्यांची प्रतीक्षाही आवश्यक असते. एवढे सोपस्कार पूर्ण करूनही चिपचा क्रमांक ब्रिटनमधील विदागारात नोंदवला नसेल, तर परिषदेच्या शोधात काहीच निष्पन्न होत नाही. स्कॅनरवर क्रमांक उमटतो, पण त्यामागे नाव मिळत नाही. भारतात बसवलेली चिप बदलावी लागत नाही. तिचा क्रमांक ब्रिटनमधील मान्य विदागारात स्थानिक पत्त्यासह नोंदवणे पुरेसे असते.